नीतिमानाचें फळ

शास्त्राभ्यास

वाचावयाचे भाग : नीतिसूत्रें अध्याय ११, २ राजे अध्याय ५, लूक १९:१-१०, योहान ४:१-४२.
मुखपाठ करावयाचें वचन : नीतिसूत्रें ११:३०.

प्रियजनहो, या आठवड्याच्या अभ्यासासाठीं आम्ही नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायांतील तिसावें वचन घेतलें आहे. वचन लहान आहे, पण त्यांत दोन गोष्टी एकाच दाव्यानें बांधलेल्या आहेत. पहिली ही कीं, नीतिमान् मनुष्याच्या आयुष्यांतून जें फळ निपजतें तें दुसऱ्यांस जीवनाच्या वृक्षासारखें होतें. दुसरी ही कीं, जो खरा शहाणा आहे तो दुसऱ्यांचे आत्मे मिळवितो.

आमच्या मंडळ्यांत या दोन गोष्टींची फारकत झालेली पुष्कळदां दिसते. कोणी म्हणतो, "मी कोणाचें वाईट करीत नाहीं, रविवारीं उपासनेस जातों, वर्गणी देतों, शुभवर्तमान सांगणें हें पाळकाचें व उपदेशकाचें काम आहे." दुसरा कोणी आठवड्याच्या बाजारांत उभा राहून मोठ्यानें उपदेश करितो, पण त्याच बाजारांतील दुकानदाराच्या वहींत त्याच्या नांवावर दोन वर्षांची उधारी पडलेली असते. पहिल्याच्या दारीं झाड आहे, पण तो फळ कोणाच्या हातीं देत नाहीं. दुसरा फळें वांटावयास निघाला आहे, पण त्याच्या दारीं झाडच नाहीं. देवाच्या वचनानें जें जोडिलें आहे तें आम्हीं तोडावें काय? नाहीं. म्हणून या दोन गोष्टी एकमेकींस कशा धरून आहेत हें आज शास्त्रावरून पाहूं.

१. हें वचन कोठें आलें आहे

कोणतेंही वचन त्याच्या जागेवरून उपटून घेतलें म्हणजे तें सुकतें. यास्तव प्रथम हा सगळा अध्याय सावकाश वाचावा. तो आत्म्यांच्या गोष्टीनें सुरू होत नाहीं. तो तराजूनें सुरू होतो. खोटा काटा परमेश्वराला सोसत नाहीं व पुरतें वजन त्याला आवडतें, ही पहिल्याच वचनाची शिकवण आहे. त्या काळीं व्यापारी लोक वजनाचे दगड पिशवींत बाळगीत. घ्यावयाचा दगड मोठा व द्यावयाचा लहान, अशी लबाडी करण्यास मोशेच्या नियमशास्त्रांत स्पष्ट मनाई आहे (अनुवाद २५:१३-१५). आतां दगडांच्या जागीं लोखंडी वजनें व विजेचे काटे आले, पण पिशवींतील दोन दगड अजून गेले नाहींत. मजुरी देतांना दिवस लहान धरणें व मजुरी घेतांना काम लहान करणें, दरवर्षीं वीतभर बांध कोरून शेजाऱ्याच्या शेतांत सरकणें, दुधांत पाणी घालणें, पाण्याची पाळी दुसऱ्याची असतां रात्रीं पाट फोडणें, हे सर्व त्याच पिशवींतील दगड होत.

तराजूनंतर तोंडाची गोष्ट येते. शेजाऱ्याचा नाश तोंडानें करणारा, शेजाऱ्यास तुच्छ मानणारा, आणि घरोघर चहाड्या सांगत फिरून गुप्त गोष्ट फोडणारा, यांचा समाचार नवव्या, बाराव्या व तेराव्या वचनांत घेतला आहे. पुढें कणगीची गोष्ट येते. कोणी मोकळ्या हातानें देतो आणि त्याची वाढ होते. कोणी वाजवीपेक्षां अधिक धरून ठेवितो आणि दरिद्री होतो. आणि जो महागाईची वाट पाहत धान्य दाबून ठेवितो त्याला लोकांचे शाप लागतात (वचनें २४-२६). त्यानंतर घराची गोष्ट येते. जो आपल्याच घरच्यांस छळितो त्याच्या हातीं शेवटीं वाऱ्यावांचून कांहीं उरत नाहीं (वचन २९). आणि घराच्या वचनाला लागूनच आमचें वचन आलें आहे.

हा क्रम ध्यानांत धरावा : तराजू, तोंड, कणगी, घर आणि मग आत्मे. नीतिसूत्रें बहुधा सुटीं सुटीं असतात, म्हणून या पायऱ्या मुद्दाम मोजून बांधल्या असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि जो कोणी हा अध्याय आरंभापासून वाचील त्याला बाजारांतून, शेजाऱ्याच्या दारावरून, खळ्यावरून व आपल्या स्वतःच्या चुलीपासून गेल्याशिवाय तिसाव्या वचनापाशीं पोहोंचतां येणार नाहीं. आत्मे मिळविण्याची वाट तीच आहे. आमच्या खेड्यांतील लोकांपैकीं पुष्कळांनीं शास्त्राचें पुस्तक कधीं उघडून पाहिलें नसेल, पण ख्रिस्ती मनुष्याचा काटा, जीभ, कणगी व घर हीं चार पानें ते रोज वाचितात.

२. शब्दांचा अर्थ

"फळ" हा शब्द प्रथम पाहूं. फळ हें झाडाला बाहेरून बांधीत नाहींत. तें आंतून, मुळापासून, वेळ लागून येतें. म्हणून नीतीनें वागून आपण तारण मिळवितों असा या वचनाचा अर्थ कोणी करूं नये. आपण विश्वासानें नीतिमान् ठरतों, आणि नीतिमत्त्वाचें फळ येशू ख्रिस्ताच्या द्वारें येतें, असें पौल फिलिप्पैकरांस लिहितो (फिलिप्पै १:११). द्राक्षवेलींत न राहतां फांदीला फळ येत नाहीं, हें प्रभूनें स्वतः सांगितलें आहे (योहान १५:४). पण हेंही तितकेंच खरें कीं, वर्षांमागून वर्षें गेलीं आणि फळ दिसलें नाहीं, तर मूळ आहे कीं नाहीं हें उकरून पाहिलें पाहिजे.

"जीवनाचा वृक्ष" हे शब्द ऐकतांच एदेन बागेची आठवण होते. मनुष्यानें पाप केलें तेव्हां त्या वृक्षाची वाट बंद झाली (उत्पत्ति ३:२२-२४). प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायांत तोच वृक्ष पुन्हां दिसतो, आणि त्याचीं पानें राष्ट्रांच्या आरोग्यासाठीं आहेत (प्रकटीकरण २२:२). बंद झालेली बाग व येणारें नगर यांच्या मधल्या काळांत लोकांना त्या वृक्षाची चव कोठें मिळावी? आमचें वचन म्हणतें, नीतिमानाच्या शेजारीं. ज्या वाडींत एकही ख्रिस्ती घर खरेपणानें चालतें, तेथील थकल्या भागल्या माणसास त्या सावलींत दोन घटका बसतां आलें पाहिजे.

आतां "मिळविणें" हा शब्द. मूळ इब्री भाषेंत येथें "जीव घेणें" अशाच अर्थाचे शब्द आहेत. एलीया रतामाच्या झुडुपाखालीं निराश होऊन बसला व योना रागावला, तेव्हां "माझा जीव घे" अशी जी मागणी त्यांनीं देवापाशीं केली तींत हेच शब्द आले आहेत (१ राजे १९:४, योना ४:३). आमच्या वचनांत मात्र शहाण्याचें घेणें हें मारण्याचें नसून वांचविण्याचें आहे. प्रभूनें शिमोनाला, तूं यापुढें माणसें धरणारा होशील, असें सांगितलें (लूक ५:१०). तेथील ग्रीक शब्दाचा अर्थ जिवंत धरणें असा आहे. मासा धरिला म्हणजे मरतो. माणूस धरावयाचा तो जगण्यासाठीं.

यावरून एक गंभीर गोष्ट निघते. दुसऱ्याचा आत्मा घेण्याच्या दोन रीती आहेत, एक जीवनाची व एक मरणाची. जो धाक घालून, आमिष दाखवून किंवा खोटें सांगून माणसें गोळा करितो तो त्यांस जिवंत धरीत नाहीं. १८७६ ते १८७८ आणि १८९९ ते १९०० या वर्षांच्या भयंकर दुष्काळांत महाराष्ट्रांतील मिशनांनीं उपाशी लोकांस अन्न व काम दिलें आणि अनाथ मुलांस आसरा दिला. भुकेल्यास भाकर देणें हें नीतिमानाचें फळच आहे, मग तो विश्वास ठेवो अथवा न ठेवो. पण भाकरीच्या मोबदल्यांत विश्वास मागणें हें निराळें. पोट भरलें म्हणून मागें येणाऱ्या जमावास प्रभूनें त्यांचा हेतु तोंडावर सांगितला, आणि पुढें पुष्कळ शिष्य परत फिरले तेव्हां त्यानें कोणास अडवून ठेविलें नाहीं. उलट आपल्या बारा जणांसही, तुम्हांला जावयाचें आहे काय, असें विचारिलें (योहान ६:२६, ६६-६७). ज्याचें मन मोकळें ठेविलें आहे त्याचाच विश्वास खरा.

३. एक दासी व एक चाकर

दुसऱ्या राजांच्या पुस्तकाचा पांचवा अध्याय प्रत्येक उपदेशकानें वर्षांतून एकदां तरी गुडघ्यांवर बसून वाचावा. त्यांत दोन लहान माणसें आहेत. पहिली, अरामी टोळ्यांनीं इस्राएल देशांतून धरून नेलेली एक मुलगी. तिचें नांवही लिहिलेलें नाहीं. ती नामान सेनापतीच्या बायकोची दासी झाली. ज्यानें तिला घरापासून तोडिलें त्याच्याच लोकांचा सेनापति कोडी झालेला पाहून ती मनांत संतुष्ट होऊं शकली असती. पण तिनें आपल्या बाईला सांगितलें कीं, धनी शोमरोनांतील संदेष्ट्याकडे जातील तर बरे होतील. एवढें एकच वाक्य. तें वाक्य बाईनें ऐकिलें, सेनापतीनें ऐकिलें, राजानें ऐकिलें, आणि एवढा मोठा मनुष्य रथ घेऊन निघाला. एका दासीच्या शब्दास इतकें वजन कोठून आलें? शास्त्र तें उघड सांगत नाहीं, पण आम्हांस वाटतें कीं, जी दासी रोजच्या कामांत खोटी किंवा आळशी असती तिच्या एका शब्दावर कोणी सेनापति परक्या देशीं गेला नसता.

दुसरा, अलीशाचा चाकर गेहजी. हा देवाच्या माणसाच्या घरांत राहत होता. नामान बरा झाला, इस्राएलाच्या देवावांचून दुसरा देव नाहीं असें त्यानें कबूल केलें, आणि तो देणगी घेऊन उभा राहिला. परंतु अलीशानें शपथ वाहून ती नाकारिली. देवाची कृपा विकत मिळत नाहीं हा नव्या विश्वासणाऱ्याचा पहिला धडा होता. तो धडा गेहजीनें पुसून टाकिला. तो रथामागें धांवला, एफ्राइमाच्या डोंगराळ प्रदेशांतून दोन तरुण आले आहेत असें खोटें बोलला, आणि एक किक्कार रुपें व दोन पोशाख मागितले. नामानानें दोन किक्कार दिले. एक किक्कार म्हणजे सुमारें ३४ किलो. म्हणून तें ओझें वाहून नेण्यास नामानाचे दोन चाकर लागले. शेवटीं नामानाचें कोड गेहजीच्या अंगावर आलें.

बंधुजनहो, येथें थांबून विचार करा. नामान आपल्या देशीं देवाची भक्ति करावयाची म्हणून दोन खेचरांचें ओझें माती घेऊन निघाला होता. विश्वासाच्या पहिल्याच दिवशीं, पहिल्याच कोसावर, त्याला देवाच्या माणसाच्या घरून काय मिळालें? एक खोटें वाक्य. देवाच्या दयेनें तो विश्वासांत टिकला असेल. पण किती नवे जिज्ञासु अशा जागीं परत फिरतात!

असें समजा कीं, एका गांवीं एक कुटुंब शास्त्र ऐकूं लागलें आहे. घरधनी उपासनेच्या वेळीं दाराशीं बसून ऐकतो. अजून आंत येत नाहीं. एके दिवशीं मंडळींतील कोणी वडील त्याच्याकडून बैल मागून नेतो, दोन दिवसांचे आठ दिवस करितो, आणि बैल लंगडत परत येतो. वडील म्हणतो, "तो आधींच लंगडत होता." पुढच्या रविवारीं दाराशीं कोणी बसलेलें नसतें. पाळक म्हणतात, "त्याचें मन कठीण झालें." पण मन कठीण कोणाचें? एक बैल त्या घराच्या व शुभवर्तमानाच्या मध्यें आडवा उभा राहिला, आणि तो बैल एका ख्रिस्ती माणसानें तेथें बांधिला. शमुवेलानें म्हातारपणीं सर्व लोकांसमोर उभें राहून विचारिलें कीं, मीं कोणाचा बैल घेतला, कोणाचें गाढव घेतलें, कोणास लुबाडिलें, कोणापासून लांच घेतली? आणि लोकांना एकही नांव सांगतां आलें नाहीं (१ शमुवेल १२:३-४). त्यानंतरच त्यानें त्यांस उपदेश केला.

४. ज्याचें चुकलें आहे त्यानें काय करावें

येथें कोणी खाली मान घालून म्हणेल, "मग माझें तोंड बंदच झालें. मीं लोकांचें घेतलें आहे, दारू प्यालों आहे, शिव्या दिल्या आहेत. सारें गांव जाणतें. मी कोणास काय सांगूं?" अशा भावासाठीं शास्त्रांत दोन माणसें ठेविलेलीं आहेत.

एक यरीहोचा जक्कय. तो मुख्य जकातदार होता, आणि त्याची लूट सगळ्या नगरास ठाऊक होती. प्रभु त्याच्या घरीं गेला, आणि जक्कयानें उठून सांगितलें कीं, माझी अर्धी मालमत्ता मी गरिबांस देतों आणि ज्याचें खोटेपणानें घेतलें असेल त्याचें चौपट परत करितों. नियमशास्त्राप्रमाणें आपल्या अपराधाची कबुली देणाऱ्यानें मुद्दल व वर पांचवा हिस्सा द्यावयाचा होता (गणना ५:७); चौपट हा मेंढरूं चोरून कापणाऱ्याचा दंड होता (निर्गम २२:१). जक्कयानें आपणास सौम्य नियम लाविला नाहीं. चोराचा नियम लाविला. त्या दिवशीं यरीहोंत त्यानें प्रवचन केलें नसेल, पण ज्या ज्या दारीं तो पैसे घेऊन गेला त्या त्या दारीं, हा माणूस कोणाला भेटला, असा प्रश्न निघाल्यावांचून राहिला नसेल. फेडलेलें देणें ही मोठी साक्ष आहे. ज्याला एकदम फेडतां येत नाहीं त्यानें सावकाराच्या दारावरून तोंड चुकवून जाण्याऐवजीं स्वतः आंत जावें, आंकडा कबूल करावा आणि थोडें थोडें द्यावें.

दुसरी, सूखाराच्या विहिरीवरील शोमरोनी बाई. तिचा पूर्वीचा इतिहास गांवास माहीत होता. ती भर दुपारीं एकटी पाण्यास आली. तरी ती घागर तेथेंच टाकून गांवांत गेली, आणि, मीं जें केलें तें सर्व ज्यानें मला सांगितलें त्याला येऊन पाहा, असें तिनें लोकांना म्हटलें. ज्या गोष्टी ती आजवर लपवीत होती त्यांचाच उल्लेख ती आतां उघड करूं लागली. हेंच तिच्या साक्षीचें बळ. आपण निर्दोष आहों असें तिनें दाखविलें नाहीं. आपणास ओळखणारा व तरीही न टाकणारा भेटला, एवढेंच सांगितलें. पुष्कळांनीं तिच्या शब्दावरून विश्वास ठेविला, आणि पुढें त्यांनीं स्वतः प्रभूचें ऐकिलें तेव्हां त्यांचा विश्वास तिच्या शब्दावर अवलंबून राहिला नाहीं (योहान ४:३९-४२). आत्मे मिळविणाऱ्याचें काम एवढेंच आहे. माणसांस विहिरीपर्यंत आणावें, आणि मग बाजूस व्हावें.

यास्तव नीतिमान् म्हणजे कधीं न पडलेला असें समजूं नका. नीतिमान् तो कीं जो पडल्यावर झांकीत नाहीं, पण उठतो व भरपाई करितो. गांव पडणाऱ्याला क्षमा करितें. ढोंग्याला करीत नाहीं.

५. न बोलतां भागत नाहीं

आतां दुसऱ्या बाजूकडे वळूं. माझें वागणें हीच माझी साक्ष, असें म्हणून जो आयुष्यभर गप्प बसतो त्यानें लोटाची गोष्ट वाचावी. पेत्र त्याला नीतिमान् म्हणतो. सदोमकरांच्या वागण्यानें त्याचा जीव रोज कासावीस होत असे (२ पेत्र २:७-८). पण नाशाच्या रात्रीं तो आपल्या जांवयांस, उठा, येथून निघा, असें सांगूं लागला, तेव्हां तो थट्टा करीत आहे असें त्यांस वाटलें (उत्पत्ति १९:१४). जीव कासावीस होत होता, परंतु घरांत त्याविषयीं कधीं बोलणें झालें होतें असें दिसत नाहीं. जें रोज सांगावयाचें तें एका रात्रींत कोणास पटत नाहीं.

यहेज्केलाला देवानें पहारेकरी नेमिलें. तरवार येतांना पाहून जो शिंग फुंकीत नाहीं त्याच्या हातून रक्ताचा जाब घेतला जाईल, असें त्याला सांगितलें आहे (यहेज्केल ३३:६). आणि पेत्र आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायांत दोन्ही गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवितो. ज्यांचे नवरे वचन मानीत नाहींत अशा बायांस तो सांगतो कीं, त्यांनीं आपल्या शुद्ध वर्तनानेंच, न बोलतां, त्यांस मिळवावें. आणि थोडें पुढें सर्वांस सांगतो कीं, तुमच्या आशेविषयीं कोणी विचारिलें तर सौम्यतेनें व आदरानें उत्तर देण्यास नेहमीं तयार असा (१ पेत्र ३:१-२, १५). घरांत जेथें शब्दांनीं भांडण वाढतें तेथें वर्तन बोलूं द्यावें. आणि वर्तन पाहून कोणी विचारावयास आला तर त्याला रिकामें परत लावूं नये.

आमच्याच महाराष्ट्रांतील एक गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. कवि नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांस आगगाडीच्या प्रवासांत एका अनोळखी युरोपियन गृहस्थानें नव्या कराराची प्रत दिली व ती वाचण्याचें वचन घेतलें. ती वाचतां वाचतां ते डोंगरावरील प्रवचनापाशीं आले, आणि त्या शिकवणीनें त्यांचें मन धरून ठेविलें. १८९५ सालीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या गृहस्थानें पुस्तक दिलें, चार शब्द बोलला, आणि आपल्या वाटेनें गेला.

पण ही गोष्टीची अर्धी बाजू झाली. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांस हा मोठा धक्का होता. कित्येक दिवस पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढें त्या नगरास आल्या तरी आपलें सोवळें व खाणेंपिणें त्यांनीं निराळें ठेविलें. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालीं, म्हणजे पतीनंतर पांच वर्षांनीं झाला. हा सर्व वृत्तान्त त्यांनीं "स्मृतिचित्रें" या आपल्या पुस्तकांत स्वतः लिहिला आहे, आणि तो वाचणाऱ्यास दिसतें कीं, जातिभेद मनुष्यानें केला, देवानें नव्हे, हें त्यांचें त्यांनाच उमगलें तेव्हां त्यांचें मन वळलें. ज्या घरांत नवरा ख्रिस्ती व बायको नाहीं, किंवा बायको ख्रिस्ती व नवरा नाहीं, त्यांनीं हीं पांच वर्षें आठवावींत. आगगाडींतील एक घटका व घरांतील पांच वर्षें, दोन्ही देवाचींच. कोठें बोलावें व कोठें वाट पाहावी हें ओळखणें, यालाच आमच्या वचनांत शहाणपण म्हटलें आहे.

६. फळ न दिसे तर

एखादा उपदेशक म्हणेल, "मीं काटा खरा ठेविला, घर नीट चालविलें, दहा वर्षें गांवोगांव फिरलों, एकही बाप्तिस्मा झाला नाहीं." भाऊ, नोहा नीतिमत्त्वाचा उपदेशक होता असें पेत्र म्हणतो, आणि त्याच्यासह तारवांत अवघीं आठ माणसें होतीं, तींही त्याच्या घरचींच (२ पेत्र २:५, १ पेत्र ३:२०). देवानें त्याला आळशी म्हटलें नाहीं. पेरणारा एक व कापणारा दुसरा असतो, हें प्रभूनें त्याच शोमरोनी विहिरीजवळ सांगितलें (योहान ४:३७). पुष्कळांस नीतिमत्त्वाकडे वळविणाऱ्यांविषयीं दानीएलास सांगितलें आहे कीं, ते ताऱ्यांसारखे सर्वकाळ चमकतील (दानीएल १२:३). तारे दिवसा दिसत नाहींत; तरी ते असतातच.

मात्र, फळ दिसत नाहीं म्हणून झाड बदलण्याचा मोह होऊं देऊं नये. संख्या दाखविण्यासाठीं अपक्व माणसांस घाईनें बाप्तिस्म्यास उभें करणें, दुसऱ्या मंडळींतील माणसें ओढणें, अहवालांत फुगवून लिहिणें, हा पुन्हां तोच खोटा काटा आहे. आणि ज्या अध्यायाच्या शेवटीं आत्मे मिळविण्याची गोष्ट आहे त्याच्या पहिल्याच वचनानें तो मोडून टाकिला आहे.

७. या आठवड्यांत काय करावें

पहिलें : प्रत्येकानें एकांतांत बसून तराजू, तोंड, कणगी व घर या चार शब्दांखालीं आपला हिशेब मांडावा. ज्याचें देणें असेल त्याचें नांव लिहावें, आणि पुढच्या प्रभुभोजनापूर्वीं त्याच्याकडे जावें. वेदीपाशीं देणगी ठेवून आधीं भावाशीं समेट करावा, अशी प्रभूची आज्ञा आहे (मत्तय ५:२३-२४).

दुसरें : उपदेशकांनीं गांवीं जातांना केवळ उपदेशास जाऊं नये. आजाऱ्याच्या उशाशीं बसावें, ज्याला लिहितां येत नाहीं त्याचा अर्ज लिहून द्यावा, आणि त्याबद्दल कोंबडीही घेऊं नये. गेहजीचे दोन पोशाख आठवावेत.

तिसरें : प्रत्येक कुटुंबानें एकाच माणसाचें नांव घेऊन रोज प्रार्थना करावी. अंद्रियानें प्रथम जगाला शोधिलें नाहीं; आपल्या भावाला शोधिलें व त्याला येशूकडे नेलें (योहान १:४१-४२). तो भाऊ पुढें पेत्र झाला.

चर्चेसाठीं प्रश्न

(१) नीतिसूत्रें अध्याय ११ तराजूनें कां सुरू होतो असें तुम्हांस वाटतें? तुमच्या गांवांत आज "दोन दगड" कोणते?
(२) नामानाच्या घरांतील मुलगी व गेहजी यांपैकीं देवाच्या वचनाजवळ कोण राहत होतें? देवाचें काम कोणाच्या हातून झालें?
(३) गरजूस मदत करणें व आमिष दाखविणें यांतील भेद एका उदाहरणानें सांगा.
(४) शोमरोनी बाईनें आपल्या पूर्वीच्या आयुष्याविषयीं काय केलें? आपण काय करितों?
(५) लोटाचे जांवई त्याच्यावर कां हंसले?
(६) तुमच्या व शेजाऱ्याच्या मध्यें कोणता "बैल" उभा आहे? तो कोणी सोडवावा?

प्रार्थना

हे प्रभु येशू, तूं खरा नीतिमान् आहेस, आणि तुजपासूनच आमचें फळ आहे. आमच्या पिशवींतील खोटा दगड आम्हांस दाखीव व तो टाकून देण्याचें बळ दे. ज्याचें आम्हीं घेतलें त्याच्या दारीं जाण्याचें धैर्य दे. आमच्यामुळें जे तुझ्या दारापासून परत गेले त्यांस पुन्हां बोलाव, आणि या वेळीं आम्ही त्यांच्या वाटेंत आडवे नसूं असें कर. आमच्या घरांच्या सावलींत थकलेल्यांस विसांवा मिळो, आणि ते तुला ओळखोत. आमेन.